आत्याला ऐकू आलेला हलता सा

मे महिन्यात आत्या आमच्याकडे फोंड्याला राहायला आलेली. मी खोलीत मॉड्युलर (सुटे मॉड्युल केसमध्ये बसवून जोडलेला सिंथेसायझर) लावून बसलेलो, दोन ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारे मॉड्युल, सा आणि प ला धरून नुसता ड्रोन चालू, कुठला सूर ते दोघांना सिक्वेन्सर नावाच्या मॉड्युलमधून व्होल्टेजने जात होतं आणि बाजूला तिचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा पांढरी सहाला लावलेला. आत्याने गाणं शिकवण्यात आयुष्य घातलंय. ती दारातच थांबली, थोडं ऐकलं आणि म्हणाली, "अरे, तुझा सा हलतोय. ते खालचे सगळे दिवे लागले की हलतो बघ."

मला आधी पटेना, पण मॉड्युलवरचे दिवे लावून ठेवले आणि कान देऊन ऐकलं तर खरंच, तंबोऱ्याशी हळू लाट यायला लागली (दोन सूर किंचित वेगळे असले की आवाज कमी-जास्त होतो ती), चार-पाच सेकंदांना एक. दिवे बंद केले की लाट गायब.

दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवून सिक्वेन्सरच्या ग्राउंडपासून ऑसिलेटरच्या ग्राउंडपर्यंत मोजलं. दिवे लागले की दीड मिलिव्होल्टच्या आसपास फरक पडत होता. एवढुसा वाटतो ना? पण मॉड्युलरमध्ये सूर व्होल्टेजवर ठरतो, एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक, म्हणजे एक स्वर (बारापैकी एक) ८३ मिलिव्होल्टचा आणि त्याचा शंभरावा भाग, एक सेंट, ०.८३ चा. दीड मिलिव्होल्ट म्हणजे पावणेदोन सेंट, आणि २२० हर्ट्झला (पांढरी सहाचा सा) तेवढ्याने साधारण साडेचार सेकंदांना एक लाट येते. आत्याचा कान आणि मीटर दोन्ही एकच सांगत होते.

तर पॉवर सप्लाय घेताना आपण सगळे मिलिअँपिअर बघतो, मीही तेच केलेलं, मॉड्युलची बेरीज करायची, वर तीसेक टक्के ठेवायचे आणि झालं. पण माझा करंट कधी कमी पडलाच नव्हता. गडबड होती वाटपात, म्हणजे सप्लायपासून मॉड्युलपर्यंत जाणाऱ्या तांब्यात.

माझ्याकडे तेव्हा वाटपाला फ्लाइंग बस होती, एकच लांब रिबन केबल (चपटी, अनेक तारांची) आणि तिच्यावर ठिकठिकाणी दाबून बसवलेले कनेक्टर. स्वस्त, हलकी, छोट्या केससाठी छानच. पण रिबनची तार बारीक, साधारण २८ गेजची, एका मीटरला ०.२१ ओम. १६ पिनांच्या केबलमध्ये ग्राउंडला सहा तारा असतात, म्हणजे ४० सेंटिमीटरला १४ मिलिओम. दिव्यांचे १०० मिलिअँपिअर त्यातून परत आले की १.४ मिलिव्होल्ट, झाला हिशोब! (पॅच केबलच्या बाहेरच्या अंगानेही ग्राउंड जोडला जातो त्यामुळे थोडं कमी व्हायला हवं, पण कनेक्टरचा रोध उलट भर घालतो.) आणि ग्राउंडमधून सगळा करंट जात नाही हे मला उशिरा कळलं, मॉड्युल प्लस १२ आणि मायनस १२ व्होल्टवर चालतात, त्या दोन्हींच्या करंटमधला जो फरक असतो तेवढाच जातो. दिवे बहुतेक प्लसवरच असतात म्हणून फरक वाढतो.

बस बोर्डवर, म्हणजे केबलऐवजी तांब्याचे पट्टे असलेल्या सर्किट बोर्डवर, हेच ४० सेंटिमीटर, ग्राउंडचा पट्टा ४ सेंटिमीटर रुंद आणि तांबं ७० मायक्रॉन असेल तर अडीच मिलिओममध्ये होतं. साध्या ३५ मायक्रॉनच्या बोर्डला पाच. म्हणजे साधा बोर्डसुद्धा रिबनपेक्षा जवळजवळ तिप्पट बरा. बोर्ड घेताना किती सॉकेट आहेत ते नंतर बघा, आधी तांब्याची जाडी विचारा, आणि कडा असलेले सॉकेट घ्या म्हणजे केबल उलटी बसत नाही. एका मित्राचं फिल्टर मॉड्युल असंच उलट्या केबलने जळालं, लाल पट्टी मायनस १२ कडे हे त्याला माहीत होतं, पण रात्री एक वाजता घाईत कोण बघतं.

सप्लायचं म्हणाल तर मी दोन्ही प्रकार वापरले. आधी लिनिअर (ट्रान्सफॉर्मर आणि रेग्युलेटरचा साधा प्रकार) स्वतः बांधला, ७८१२ आणि ७९१२ या रेग्युलेटर चिपांवर, १२-०-१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. सकाळी एकदम शांत आणि संध्याकाळी घुं. कारण पावसाळ्यात आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं, मग रेग्युलेटरला वर हवे असतात ते दोनेक व्होल्ट मिळत नाहीत आणि १०० हर्ट्झची घरघर सरळ आत येते. १५-०-१५ लावला तर घरघर गेली, पण ६०० मिलिअँपिअरला एका ७८१२ वर पाच वॅट उष्णता, आणि माझी केस फणसाच्या लाकडाची, सगळीकडून बंद. एप्रिलमध्ये हीटसिंकला बोट टेकवत नव्हतं.

दुसरा प्रकार एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग सप्लाय, त्याला व्होल्टेज उतरल्याचं काही वाटत नाही, त्याच्यावर १०० ते २४० लिहिलेलंच असतं. पण तीन व्होल्टेजचे तयार युनिट घेताना मायनसचा आकडा नक्की वाचा, मीनवेल कंपनीच्या आरटी-६५बी ला प्लस १२ वर २.८ अँपिअर आहेत आणि मायनसवर फक्त ०.५. ॲनालॉग मॉड्युल जास्त असतील तर मायनसच आधी संपतो. आता माझ्याकडे एसएमपीएस, त्याच्यापुढे सप्लायची खरखर गाळणारा फिल्टर आणि दोन बस बोर्ड आहेत, सिक्वेन्सर आणि डिजिटल सगळं एकावर, ऑसिलेटर आणि फिल्टर मॉड्युल दुसऱ्यावर, आणि दोन्हींना सप्लायपासूनच वेगळ्या जाड तारा. एका बोर्डातून दुसऱ्याला पुढे जोडायचं नाही, तसं केलं तर दिव्यांचा करंट परत त्याच वाटेने येतो.

अजून एक, खास आपल्या हवेसाठी. जून ते सप्टेंबर इथे कनेक्टरवर काळपट थर चढतो आणि रोध वाढतो. मी सोन्याचा मुलामा असलेल्या पिना घेतल्या, थोड्या महाग पडल्या, आणि पावसाआधी एकदा सगळ्या केबल काढून परत बसवतो.

आत्या चवथीला येणार आहे. सगळे दिवे लावून ठेवेन आणि तंबोरा पांढरी सहालाच.