डाव्या हाताची परसबाग : ऑक्टोबर ते मार्च

मंडळी, बरेच महिने बागेची खबर दिली नाही. मे महिन्यात अर्धांगवायूचा झटका आला. मेंदूच्या उजव्या भागात गुठळी अडकली आणि डावी बाजू लुळी पडली. पावसाळा पलंग, काठी आणि फिजिओ यांतच गेला. तेवढ्यात परसात हराळी, केना आणि गाजरगवताने बस्तान बसवलं. साताऱ्याचा पाऊस, वर निगराणी नाही, मग काय विचारता!

दवाखान्याचं पुराण लावत नाही. एवढंच सांगतो : तोंड वाकडं दिसलं, हात गळाला, जीभ जड झाली, तर तेल चोळत बसू नका, १०८ लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

ऑक्टोबर

गडी लावून गवत काढलं आणि जमिनीवरचे वाफे कायमचे बाद केले. उकिडवं बसणं आता होत नाही. २०० लिटरचे निळे ड्रम उभे चिरून अर्धे केले आणि एल-अँगलच्या स्टँडवर आडवे ठेवले. खुर्ची पुढे सरकवली की गुडघे ड्रमखाली जातात आणि माती छातीच्या खाली येते. एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेला, पण वेल्डिंग शेजारच्या पोराकडून करून घ्यावं लागलं. मी नुसता खुर्चीत बसून हुकूम सोडत होतो. तळाला भोकं, त्यावर नारळाच्या शेंड्या, वर माती, शेणखत आणि कुजलेला पाचोळा. खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती चांगली जाड केली, कारण बोटं पूर्ण मिटत नाहीत.

खरी अडचण हाताची नव्हती, लक्षाची होती. डाव्या बाजूला जग असतं हेच मेंदू विसरतो. डोळे शाबूत, पण डावीकडचं नोंदलंच जात नाही. घरात हे ताटावरून कळलं. भाजी, आमटी, पोळी साफ; चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड जशीच्या तशी. वर मीच विचारायचो, "आज चटणी वाटली नाहीस का?" बागेतही तेच. ड्रमचा उजवा अर्धा भाग ओलागच्च आणि डाव्या अर्ध्यात माती भेगाळलेली.

फिजिओ मॅडमनी उपाय सांगितला : डाव्या कडेला भडक रंगाचं काहीतरी बांधा आणि ते दिसेपर्यंत मान वळवायची. प्रत्येक ड्रमच्या डाव्या टोकाला लाल फडकं बांधलं. पुढची युक्ती माझी. खुर्चीची जागाच अशी धरली की सगळी बाग डाव्या हाताला येईल. झारी, बियांचा डबा, सुतळी, सगळं डावीकडे. आता काहीही हवं असलं तरी तिकडे वळल्याशिवाय गत्यंतर नाही.

नोव्हेंबर

इथून लागवडीचा हिशेब बदलला. पूर्वी घरात काय खपतं त्यावर पिकं ठरायची, आता डाव्या हाताला काय शिकवायचं आहे त्यावर. पहिला घेवडा, कारण दाणा मोठा. कोरेगावचा वाघ्या घेवडा घेतला, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला. त्याचा खरा हंगाम खरिपाचा, पण लाल रेघांचा तो दाणा काळ्या मातीत चटकन दिसतो, आणि मला तेच हवं होतं. मग भेंडी, मग मेथी, शेवटी मुळा. दाणा बारीक होत जातो तशी चिमटीची परीक्षा कडक होत जाते.

एक गोष्ट कुठल्याही बागकामाच्या माहितीत सापडणार नाही : दाणा उचलणं सोपं असतं, सोडणं अवघड. बोटं आवळलेलीच राहतात. थंडीत आणि थकव्यात जास्तच. म्हणून पेरणी सकाळी उन्हं चढल्यावर, अंग शेकल्यावर. धण्यांसाठी मात्र हा हात फार कामाचा ठरला. पेरण्याआधी धणे रगडून दोन फाकळ्या कराव्या लागतातच. डावा तळवा फळीवर पसरून त्यावर अंगाचा भार द्यायचा आणि हलकेच रगडायचं. ताठरलेल्या हातासाठी मॅडमनी नेमका हाच व्यायाम दिला होता. पैसे देऊन करायचा तो फुकटात झाला, वर कोथिंबीर.

डिसेंबर

मेथी, पालक जोमात आणि खाण्यावर लगाम! माझी गुठळी हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे झाली होती, त्यामुळे वॉरफरिन ही रक्त गोठू न देणारी गोळी चालू आहे. पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या उलट काम करतं. पालेभाजी बंद करायची नसते, पण आज गड्डीभर आणि पुढे आठवडाभर काहीच नाही, असंही चालत नाही. रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासत राहायचं. म्हणून मेथी एकदम न पेरता थोडी थोडी, आठवड्याच्या अंतराने. तुमच्यापैकी कोणी ही गोळी घेत असेल तर डॉक्टरांशी बोलूनच ताट ठरवा.

याच गोळीमुळे जखमेचं रक्त लवकर थांबत नाही. डाव्या हाताला काटा टोचलेलाही कळत नाही. काटेरी वांगी यंदा लावली नाहीत. विळ्याऐवजी कात्री, आणि हातमोजा पक्का.

जानेवारी, फेब्रुवारी

थकवा. फार काही नाही. २० लिटरच्या बादलीत जीवामृत केलं : शेण १ किलो, गोमूत्र १ लिटर, गूळ आणि बेसन प्रत्येकी २०० ग्रॅम, मूठभर माती. दांडा दोन्ही हातांनी धरून ढवळायचं. उजवा ओढतो, डावा मागोमाग जातो. भरलेली झारी डाव्या हाताने उचलायला बंदी आहे, खांद्याचा सांधा सैल झालाय. म्हणून १६ मिलिमीटरची नळी टाकून ठिबक केलं. त्याची चावी अर्थात डावीकडे.

मार्च

मिरचीवर बोकड्या, म्हणजे पानं आकसण्याचा रोग आलाय. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावलेत, पाने अजून आकसलेलीच आहेत.

दुधीची खबर चांगली आहे. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मागे इवलासा दुधी असलेल्या मादी फुलाच्या मुखाशी परागकण अलगद टेकवायचे. उजव्या हाताने वेल धरला, डाव्याने नर फूल. पहिली काही फुलं बोटांत चुरगळली. सध्या दोन दुधी धरलेत, त्यातला एक पूर्ण डाव्या हाताचा. सौ. म्हणते कोफ्ते करू, मी म्हणतो बियाण्याला ठेवू. वाद चालू आहे.

जूनला दोडका आणि काकडी लावणार. डावा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून मांडव बुटकाच राहील. एका हाताने सुतळीची पक्की गाठ मारायची रीत कोणी बसवली असेल तर कळवा. मी सध्या वेल कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवतोय, पण दुधी जड झाला की चिमटे निसटतात.