युरेनियमचे चुंबकत्व कशासाठी तपासायचे?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेले आमचे शेजारी भेटले की हमखास विचारतात, "सर, युरेनियम म्हणजे बॉम्बचा माल. त्याचं चुंबकत्व तपासून काय मिळतं?" विद्यार्थीही हेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

धोक्याचे आधी सांगतो. अशा प्रयोगांत सहसा वापरतात त्या युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे ४४७ कोटी वर्षे आहे, म्हणून त्याचा किरणोत्सार मंद असतो, आणि त्यातून निघणारे अल्फा कण कातडीवरच अडतात. भुकटी श्वासावाटे आत जाऊ नये, ही मुख्य खबरदारी.

लोखंडाला चुंबकत्व देणारे इलेक्ट्रॉन धातूभर फिरतात, गॅडोलिनियम या धातूचे अणूला चिकटून राहतात, आणि युरेनियमचे ५एफ (अणूतल्या त्या नावाच्या कक्षेतले) इलेक्ट्रॉन या दोहोंच्या मधले असल्याने त्यांचे वागणे आधी गृहीत धरता येत नाही, मोजावेच लागते. यूजीई२ हे युरेनियम आणि जर्मेनियमचे संयुग सुमारे ५२ केल्विनखाली (उणे २२१ अंश सेल्सिअस) लोहचुंबक, म्हणजे लोखंडासारखे स्वतःहून चुंबकीय, होते. २००० साली दिसले की सुमारे १२ हजार वातावरणांच्या दाबाखाली, एक केल्विनच्याही खाली, ते लोहचुंबक असतानाच अतिवाहक होते, म्हणजे वीज विनाअडथळा वाहू देते. नेहमीच्या अतिवाहकात विरुद्ध स्पिनचे (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचे अंगभूत छोटे चुंबकत्व) इलेक्ट्रॉन जोडी जमवतात आणि लोहचुंबकत्व ती मोडते. येथे मात्र समान स्पिनच्या जोड्या असाव्यात, असे मानले जाते.

मोजणी सोपी नाही. स्फटिक मिलिमीटरभराचा असला तरी प्रत्येक अक्षावर उत्तर वेगळे येते, म्हणून तो आधी क्ष-किरणांनी नेमका दिशेत बसवावा लागतो. शिवाय मॅग्नेटोमीटर हे चुंबकत्व मोजणारे यंत्र केवळ एकूण आघूर्ण, म्हणजे चुंबकाची ताकद, सांगते. युरेनियमात कक्षीय (इलेक्ट्रॉनच्या अणूभोवती फिरण्याचे) आघूर्ण मोठे आणि स्पिनचे त्याच्या उलट असते, त्यामुळे हाती लागते ती वजाबाकी. दोन्ही भाग सुटे करायला ध्रुवीकृत (एकाच दिशेला स्पिन असलेले) न्यूट्रॉन किंवा सिंक्रोट्रॉन या कणत्वरकाचे क्ष-किरण लागतात.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते यूकोजीई या युरेनियम, कोबाल्ट आणि जर्मेनियमच्या संयुगावरचे काम. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या संयुगाचे क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्याखाली ते लोहचुंबक होते, सुमारे ३ केल्विन आहे, आघूर्ण अगदी क्षीण आहे, आणि अतिवाहकता दाबाशिवायच येते. त्यातल्या कोबाल्टच्या अणुकेंद्रांचा चुंबकीय अनुनाद (चुंबकीय क्षेत्रात रेडिओलहरींना त्यांनी दिलेला प्रतिसाद) मोजल्यावर चुंबकत्वाचे चढउतार मुख्यतः स्फटिकाच्या एका दिशेत, सी-अक्षावरच, होतात असे आढळले. त्याच अक्षावर बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले की ते चढउतार दबतात आणि त्यांच्याबरोबर अतिवाहकताही झपाट्याने क्षीण होते, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमवण्यात या चढउतारांचाच हात असावा.