चिपिंगमधला शँक : आतापर्यंतची प्रगती

गोल्फमध्ये माझी फुल स्विंगची तक्रार नाही, ७ नंबर आयर्न छान लागतं. पण ग्रीन (होलभोवतीचं आखूड गवत) २०-३० यार्डांवर आली, चिप म्हणजे छोटा शॉट मारायला हातात वेज (जास्त तिरक्या फेसचा क्लब) घेतली की बॉल थेट उजवीकडे. हाच शँक: बॉल क्लबच्या फेसऐवजी होझलला, म्हणजे दांडा क्लबच्या डोक्याला जोडतो त्या भागाला लागतो. ज्यांना शँकने छळलंय त्यांना पुढचं सांगायलाच नको.

आधी बॉल क्लबला नेमका कुठे लागतोय ते पाहिलं. ५६ डिग्रीच्या वेजच्या फेसवर आणि होझलवर टाल्कम पावडर लावली आणि चिप मारल्या. फेसच्या मधली पावडर जशीच्या तशी, होझलवरची मात्र साफ पुसलेली. म्हणजे अ‍ॅड्रेसला (मारण्याआधी बॉलसमोर उभं राहताना) क्लब जिथे ठेवला होता, त्याहून बॉलच्या बाजूला सरकून तो खाली येत होता.

मागून काढलेल्या व्हिडिओत कारणही सापडलं. डाउनस्विंगला वजन चवड्यांवर जातं, छाती वळायची थांबते आणि हात अंगापासून लांब जातात. "डोकं खाली ठेव" हा सल्ला प्रत्येक जण देतो, पण माझ्या मते छोट्या शॉटला तोच नडतो. मान घट्ट धरली की छाती अडते, मग हात बाहेरच जाणार.

क्रॉस-हँडेडही (ग्रिपवर डावा हात खाली, उजवा वर) करून पाहिलं. इंग्लंडचा गोल्फर मॅट फिट्झपॅट्रिक तशाच चिप मारतो आणि २०२२ची यूएस ओपन जिंकलाय, तेव्हा पद्धतीत खोट नाही. माझाही शँक थांबला, पण जरा लांबच्या पिचला (चिपपेक्षा उंच जाणाऱ्या शॉटला) अंतराचा अंदाज येईना, म्हणून सोडलं.

खरा गुण आला तो दोन बॉलच्या ड्रिलने. दोन बॉल शेजारी शेजारी, मध्ये दोन बोटांची फट. क्लब बाहेरच्या बॉलमागे ठेवायचा आणि मारायचा आतला. बाहेरच्याला धक्का लागता कामा नये. सोबत ग्रिप सैल, बुटात पायाची बोटं किंचित उचललेली आणि फॉलो-थ्रूला शर्टाची बटणं टार्गेटकडे. पहिल्यांदा मधोमध लागला तेव्हाचा तो मऊ आवाज ऐकून फार बरं वाटलं!

आता सपाट लायवर (बॉल पडलेला असतो ती जागा) शँक जवळजवळ गेलाय. बॉल पायांच्या पातळीखाली असला की वजन अजून पुढे जातं, म्हणून राउंडमध्ये तिथे ८ नंबर आयर्नने बंप-अँड-रन (बॉल थोडाच उडून पुढे घरंगळत जातो असा शॉट) खेळतो. वेजचा सराव त्याच उतारावर सुरू आहे. अशा लायसाठी कुणाकडे चांगलं ड्रिल असेल तर नक्की सांगा.