ब्रेकरची गळती काढताना: माझा अनुभव

ब्रेकरमध्ये, म्हणजे वीजप्रवाह तोडणाऱ्या मोठ्या स्विचमध्ये, गॅस कमी झाल्याचा अलार्म आला की टॉप-अप करून (वरून गॅस भरून) मोकळं व्हायचं, ही आमच्याकडची जुनी सवय. या ब्रेकरमध्येही अधूनमधून तेच चाललं होतं. या वेळी मी म्हटलं, आधी गळती सापडू दे. आतल्या एसएफ६ गॅसला (सल्फर हेक्झाफ्लोराइड) ना रंग, ना वास. पण शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २३,५०० किलोंइतकी उष्णता अडवतो.

डिटेक्टर वाऱ्यामुळे भलतीकडेच ओरडायचा. मग संशय होता त्या प्रत्येक जोडाला प्लॅस्टिक गुंडाळून रात्रभर ठेवलं. सकाळी प्लॅस्टिकला बारीक भोक पाडून प्रोब आत घातला. खालच्या फ्लँजपाशी (बोल्टनं आवळलेल्या जोडापाशी) लगेच बोंब उठली.

शटडाऊन, परमिट, अर्थिंग नेहमीसारखं. केबल ट्रेंचमध्ये मात्र ऑक्सिजन मीटरशिवाय कुणाला उतरू दिलं नाही. हा गॅस हवेच्या पाचपट जड, खड्ड्यात साचतो आणि माणूस गुदमरेपर्यंत पत्ता लागत नाही.

खरा वाद झाला गॅस काढताना. गेज शून्यावर आला तसा एकजण म्हणाला, "झालं, खोला आता." अहो, गेजचं शून्य म्हणजे आत अजून एक बार गॅस! भरताना निरपेक्ष दाब (पूर्ण निर्वातापासून मोजलेला) सहा बार असेल, तर सहावा हिस्सा हवेत सोडल्यासारखंच. निरपेक्ष दाब २० मिलिबारखाली जाईपर्यंत गॅस कार्ट (गॅस ओढून साठवणारं फिरतं यंत्र) चालूच ठेवली. जेवायला उशीर झाला, चालायचंच.

मग आत हवा सोडून झाकण उघडलं. तळाशी राखाडी-पांढरी भुकटी होती. स्विच उघडताना पडणाऱ्या विजेच्या ठिणगीमुळे (आर्क) गॅसचं विघटन होऊन ती तयार होते. ओल लागली की त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल बनू शकतं. म्हणून मास्क, हातमोजे, अंगभर सूट आणि बारीक फिल्टरचा व्हॅक्यूम क्लीनर. कापडानं झटकायचं नाही. जोडातली जुनी ओ-रिंग (गोल रबरी सील) एका बाजूनं चपटी झाली होती. नवी बसवली, आतली ओल शोषणारा शोषकही बदलला.

व्हॅक्यूम एक मिलिबारखाली नेऊन धरतोय का ते पाहिलं. काढलेला गॅस कार्टच्या फिल्टरमधून गेला होता; शुद्धता, ड्यू पॉइंट (ओलाव्याचं माप) आणि सल्फर डायऑक्साइड (विघटनाची खूण) तपासून तोच परत भरला. कमी पडला तेवढा नव्या सिलिंडरमधून, काट्यावर वजन करून घेतला. नेमप्लेटवरचं वजन वजा बाहेर निघालेलं वजन, एवढा गॅस शेवटच्या टॉप-अपनंतर हवेत गेलेला. तो आकडा रजिस्टरमध्ये लिहिला आणि "टॉप-अप"चा रकाना तेवढा कोरा ठेवला.