पाचव्या नळाचं पाणी

क्लोरीन तपासायची डीपीडीची गोळी पाण्यात विरघळली की पाणी गुलाबी होतं. जितका रंग गडद, तितका शिल्लक क्लोरीन जास्त. वस्तीतल्या नळावर लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम मिळाला की आम्ही वहीत आकडा लिहितो आणि पुढच्या नळाकडे जातो. त्या दिवशी सकाळी सहाला चार नळांवर आकडे लिहून झाले. पाचव्यावर रंगच आला नाही.

गोळी दमट असेल म्हणून नवं पाकीट फोडलं. तेच. क्लोरीन फारच जास्त झाला तरी हा गुलाबी रंग उडतो आणि नवखा माणूस ‘शून्य’ लिहून मोकळा होतो. म्हणून नमुना क्लोरीन नसलेल्या पाण्यात पातळ करून पाहिला. तरी काही नाही. मग गढूळपणा मोजायची नळी ५ एनटीयूच्या (हे गढूळपणाचं एकक) खुणेपर्यंत भरली. तळाची काळी खूण वरून दिसायला हवी होती. दिसली नाही.

तोवर रांगेतल्या पहिल्या बाईंचा कॅन अर्धा भरला होता. मी नळ बंद केला आणि त्यांना ते पाणी ओतून द्यायला सांगितलं. भरलेलं पाणी ओतायला सांगणं यासारखं वाईट काम आमच्या धंद्यात दुसरं नाही.

आणि नेमका तो दिवस हस्तांतरणाचा होता. पंप बनवणाऱ्या एका कंपनीने वस्तीला पाणी पुरवणाऱ्या आमच्या संस्थेला गाळण संयंत्र दिलं होतं, शिवाय दहा शौचालयं बांधून दिली होती. अकराला त्यांचे वरिष्ठ येणार, फीत कापणार, नळाचं पाणी पिणार. त्यांचं भाषण मीच लिहून दिलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० ला सुरक्षित पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क मानला इथपासून ते २०३० पर्यंतच्या सहाव्या शाश्वत विकास उद्दिष्टापर्यंत सगळं त्यात होतं. पाचव्या नळाचं काय करायचं, ते नव्हतं.

संयंत्र उत्तम चाललं होतं. त्यातून बाहेर पडणारं पाणी मी स्वतः पाहिलं: स्वच्छ, क्लोरीन बरोबर ०.५. म्हणजे घाण वाटेत कुठेतरी शिरत होती. आमचा पंप सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास चालतो. तो थांबला की उतारावरची लाईन शेवटच्या नळातून रिकामी होत जाते आणि आत दाब उलटा होतो. त्या वेळी एखादा सांधा ढिला असेल, तर पाइप बाहेरचं जे काही असेल ते आत ओढून घेतो. पंप सुरू झाला की ती घाण पहिल्या पाण्याबरोबर शेवटच्या नळावर येते, आणि तासाभरात लाईन धुऊन निघाली की सगळं पुन्हा गुलाबी.

इथे मला खाली बसावं लागलं. कारण मी रोज दहाला तपासणी करत असे. त्या दिवशी पाहुणे येणार म्हणून सहाला आले होते. गेले दोन आठवडे दवाखान्याच्या नोंदीत वस्तीच्या खालच्या ओळींमधली जुलाबाची मुलं वाढत होती, आणि मी ते ऋतूवर ढकललं होतं.

प्रकल्प व्यवस्थापकांना फोन केला. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “कार्यक्रम पहिल्या नळावर आहे ना? तिथलं पाणी ठीक आहे ना?” ठीक होतं. खोटं काहीच बोलायचं नव्हतं, फक्त बोलायचंच नव्हतं. मी “बघते” म्हणाले. नाही म्हटलं नाही, हेही इथे लिहून ठेवते.

कंपनीच्या गाड्या साडेदहालाच आल्या. वरिष्ठ, त्यांच्या सामाजिक जबाबदारी विभागाच्या बाई, छायाचित्रकार, आणि मागच्या गाडीतून एक पिकल्या केसांचे फिटर. संयंत्र खोक्यात भरण्यापासून जोडण्यापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. ते मंचाकडे न जाता सरळ पंपाकडे गेले, कान लावून उभे राहिले आणि मला म्हणाले, “ताई, लाईनला पाणी जास्त ओढलं जातंय. कुठेतरी गळतंय का?”

मी सगळं सांगून टाकलं. व्यवस्थापकांना जे सांगायला दहा मिनिटं अडखळले होते, ते यांना एका दमात सांगितलं.

आम्ही दोघं लाईन चालत निघालो. चौथ्या आणि पाचव्या नळाच्या मधे, नव्या शौचालयांच्या ओळीशी, जमीन ओलसर होती. काका वाकले, माती चिमटीत घेतली, वास घेतला आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. पाइप शौचालयाच्या खड्ड्यापासून तीन पावलांवर होता.

तो तिथे का होता, ते मला पाठ होतं. मूळ आराखड्यात शौचालयं वस्तीच्या मागे दोन ठिकाणी होती. जागा बायकांनी चालून दाखवल्या होत्या: घरापासून ५० मीटरच्या आत, रस्त्याकडे दार नको, आतून कडी हवी. मग कंपनीकडून विनंती आली की सगळी एका ओळीत रस्त्यालगत घ्या, म्हणजे फलक दिसेल. निधीचा दुसरा हप्ता बाकी होता. बदललेल्या आराखड्यावर ‘लाईन जवळून जाते, काळजी घ्यावी’ असा शेरा मारून मी सही केली. शेरा मारला की आपली जबाबदारी संपते, असं तेव्हा वाटलं असावं. खोदताना पाइपला धक्का बसला, सांधा हलला, आणि वर माती ओढली गेली.

आमचं बोलणं ऐकत नळ समितीतल्या एक बाई मागे येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, “रात्री आम्ही इथे येतच नाही. रस्त्यावरून सगळं दिसतं. तेव्हाच सांगितलं होतं ताई तुम्हाला.” वीस माणसांमागे एक या हिशेबाने कागदावर दोनशे लोकांची सोय झाली होती. त्यातल्या बायका अंधारात अजून जुन्याच जागी जात होत्या.

मंचावर फीत बांधून झाली होती. विभागाच्या बाईंनी मला विचारलं, पाचवा नळ चित्रात येणार नाही ना? मी उत्तर शोधत असतानाच काकांनी त्यांच्या साहेबांना सांगितलं, “साहेब, लाईनमधे मैला जातोय. मी खोदायला घेतो.” सूर असा, जणू कारखान्यातलं एखादं यंत्र बंद पडलंय.

साहेबांचा चेहरा उतरला. पण त्यांनी भाषणाचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, “सुटे भाग आणलेत?” माझ्याकडे नव्हते. करारात संयंत्र होतं, शौचालयं होती, फलकाचं माप होतं. ६३ मिलिमीटर पाइपचे तुकडे जोडणारा एक कपलर नव्हता. काकांच्या पेटीत दोन होते.

दुपारी दोनपर्यंत सांधा बदलला, त्या भागातली लाईन खड्ड्यापासून लांब वळवली, मग तीव्र क्लोरीनचं पाणी भरून ती काही तास तशीच ठेवली. तोवर पाचव्या नळाची माणसं चौथ्यावर आली. एका नळावर जास्तीत जास्त अडीचशे माणसं असावीत असा आमचा मापदंड. त्या दिवशी दुप्पट होती, आणि अर्ध्या तासाची रांग तासावर गेली. खालच्या ओळींतल्या घरांतलं आधीच भरलेलं पाणी शुद्ध करायला आम्ही पुड्या वाटल्या. चार ग्रॅमची पुडी दहा लिटरला: पाच मिनिटं ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, कापडातून गाळायचं आणि वीस मिनिटं थांबायचं. ही पुडी प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीने अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राबरोबर तयार केलेली. कंपन्यांवर तोंडसुख घ्यायला मी उत्सुक असते, पण त्या दुपारी माझ्या हातात कंपनीचीच पुडी होती आणि खड्ड्यात कंपनीचाच माणूस.

संध्याकाळी पाचव्या नळावर फिका गुलाबी रंग आला. ०.३. लोकांनी नळ उघडायचा आग्रह धरला. मी उघडला नाही. सकाळचा आणि संध्याकाळचा, दोन्ही नमुने गाळून, मैल्यातले जंतू असतील तर वाढून दिसावेत म्हणून, ४४ अंशांच्या पेटीत ठेवले होते, आणि ते रात्रभर तिथेच राहणार होते. काका परतीची गाडी सोडून थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणं काढली. आदल्या सकाळच्या ताटलीवर जंतूंचे पिवळे ठिपके इतके दाट होते की मोजता आले नाहीत. संध्याकाळची ताटली कोरी होती. काका बराच वेळ पहिल्या ताटलीकडे बघत राहिले. “हे ती मुलं पीत होती?” मी हो म्हणाले.

नळ उघडला. मी त्याच दिवशी गेल्या दोन आठवड्यांतल्या माझ्या तपासणीच्या वेळा लिहून वरच्या कार्यालयाला आणि दवाखान्याला पाठवल्या. तपासणी आता पंप सुरू होताच होते. शौचालयं हलवायला चार महिने लागले, कारण पैसे ‘बांधकाम’ या सदरात होते आणि ‘हलवणे’ असं सदरच नव्हतं. साहेबांनी ते आपल्या सहीने बदलून घेतलं, आणि सुट्या भागांची एक पेटी दर सहा महिन्यांनी येते. बायकांनी दाखवलेल्या जागीच शौचालयं आता आहेत, आतून कडीसकट.

फलक कुठे लावायचा यावर मात्र तीन पत्रं झाली. शेवटी तो टाकीवर लावला.