चौथा रकाना

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा वाटलं, त्यात काय, लिहून टाकू. घंटा, प्रार्थना, मधल्या सुट्टीतले डबे, स्नेहसंमेलन. लिहायला बसलो आणि सरांशिवाय दुसरं काही आठवेना. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

सर म्हणजे कोणते, हे आपल्या शाळेतल्यांना सांगायला नको. भूगोलाचे सर होते, पीटीचे सर होते, चित्रकलेचे सर होते. नुसतं ‘सर’ म्हटलं की इंग्रजीचेच.

मी १९७८ साली पाचवीत आलो. मराठी शाळांत तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं (पहिलीपासूनचं इंग्रजी २००० साली आलं), त्यामुळे एबीसीडी आणि मिसरूड यांत आमच्यात फारसं अंतर नव्हतं. आठवीत सर वाट्याला आले. पहिल्याच तासाला चाळीस पानी वही काढायला लावली आणि पान उभं दोनदा दुमडायला सांगितलं. चार रकाने पडले. पहिल्यात शब्द आणि अर्थ, दुसऱ्यात समानार्थी, तिसऱ्यात विरुद्धार्थी.

“सर, चवथ्यात?”

“तो शब्द कुठं चालत नाही, ते. आज नाही लिहायचं. कळंल तेव्हा लिहा.”

रोज पाच शब्द फळ्याच्या उजव्या पट्टीवर असत. ती पट्टी पुसायची कुणाला परवानगी नव्हती, गणिताच्या सरांनाही नाही. शब्द यायचे ते स्टाफरूममधल्या ‘हितवाद’मधून. हा पेपर गोखल्यांनी १९११ साली काढला, हे वाक्य वर्षातून चारदा तरी ऐकायला मिळे.

विरुद्धार्थी शब्द पाठ करण्यात आम्ही पटाईत होतो. अन, इन, इम पुढे चिकटवलं की झालं. पी, बी, एमच्या आधी इम, एलच्या आधी इल, आरच्या आधी इर, हे सरांनी घोटून घेतलं होतं. ‘अन्याय’मध्ये नुसता अ लागतो, ‘अनावश्यक’मध्ये अन् लागतो, तसंच हे, असं म्हणत. त्या भरवशावर मी एकदा ‘व्हॅल्युएबल’च्या विरुद्ध ठसक्यात ‘इनव्हॅल्युएबल’ लिहिलं आणि अर्थ दिला, कवडीमोल. सर वही घेऊन बाकापाशी आले.

“काऊन बे, तुझ्या घरी अमूल्य म्हणजे फुकट का?”

बस, तेवढंच. आजही तो शब्द दिसला की आधी अमूल्य आठवतं. सरांची हीच तऱ्हा होती, इंग्रजीचं कुलूप मराठीच्या किल्लीनं उघडायची. ‘ओल्ड’चं विरुद्ध ‘न्यू’ की ‘यंग’ यावर वर्गात भांडण जुंपलं, तर विचारत, “तुझे आजोबा जुने आहेत का म्हातारे? आणि सायकल?” थिन, स्लिम आणि स्किनी हे तीन शब्द मात्र बारीक, सडपातळ आणि किडकिडीत असे तीन पोरांना उभं करून शिकवले. किडकिडीत मी होतो.

समानार्थी शब्दांचा रॉजेट यांचा जाडा कोश त्यांच्या टेबलावर असे. १८५२ साली निघालेला हा कोश करणारा माणूस पेशानं डॉक्टर होता, याचं त्यांना फार कौतुक. म्हणत, एका दुखण्यावर दहा गोळ्या आहेत बाबू, पण देण्याआधी पेशंट पाहा.

आता मुख्य गोष्ट. बाबांचं इतवारीत लहान मुलांच्या तयार कपड्यांचं दुकान होतं. वर जुनी पाटी, ‘लहान मुलांचे कपडे माफक दरात मिळतील’. नववीतल्या दिवाळीच्या आधी माझ्या अंगात इंग्रजी संचारलं होतं. पुठ्ठा आणला, लाल रंग आणला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, ‘चीप क्लोद्स फॉर चिल्ड्रन’. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी तो पुठ्ठा सुतळीनं दारावर टांगला आणि येईल त्याला सांगू लागले, आमच्या पोट्ट्यानं लिहिलं.

तिसऱ्या दिवशी सर मुलीसाठी फ्रॉक घ्यायला आले. पुठ्ठा वाचला. माझ्याकडे पाहिलं. बाबांना म्हणाले, “अक्षर छान आहे, भाऊ.” फ्रॉक घेतला, भावसुद्धा केला नाही, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी उजव्या पट्टीवर पाचाऐवजी तीनच शब्द होते. चीप, इनएक्स्पेन्सिव्ह, रीझनेबल. त्यांच्यासमोर हलका, स्वस्त, माफक. “तुमच्या शर्टाबद्दल यातलं काय ऐकायला आवडंल?” मग इकडेतिकडे पाहत, “हलका माल मिळेल, अशी पाटी कोणी लावते का बे?” वर्ग हसला. मीही हसलो, जरा जास्तच जोरात, आणि मग कान तापले. नुसतं किमतीबद्दल बोलायचं तर चीपमध्ये वाईट काही नाही, तिकीट चीप मिळालं म्हणून कोणी नाक मुरडत नाही, हेही त्यांनी सांगितलं. मालाला लावलं की मात्र त्याला वास येतो. दुकानाचं नाव त्यांनी त्या तासाला घेतलं नाही, पुढेही कधी नाही.

संध्याकाळी मी नवा पुठ्ठा रंगवला, ‘रीझनेबल रेट्स’. बाबा म्हणाले, “काऊन, चांगली तर होती ना?” रंग उडाला होता, असं सांगितलं. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या वहीत ‘चीप’समोरच्या चौथ्या रकान्यात लिहिलं आहे, बाबांचं दुकान. ती वही अजून आहे.

त्या रकान्यावरच आज माझं पोट चालतं. मी कोर्टाच्या कागदपत्रांची भाषांतरं करतो. नागपूर खंडपीठापुढे जाणाऱ्या कागदांची चळत माझ्या टेबलावर कायम असते. आपला साधा ‘ताबा’ घ्या. घराचा ताबा म्हणजे पझेशन. आरोपी ताब्यात घेतला की कस्टडी. ट्रकवरचा ताबा सुटला तर कंट्रोल. परवा तपासायला आलेल्या एका मसुद्यात पोलिसांनी आरोपीचं पझेशन घेतलं होतं, जणू फ्लॅटची किल्लीच हातात पडली. ज्यानं केलं त्या मुलाला विचारलं, तर म्हणाला, फोनवर तर हाच अर्थ दाखवला. खरं आहे, दाखवला असणार. फोन बारा समानार्थी शब्द एका ओळीत उभे करतो, प्रार्थनेला उभी केल्यासारखे, आणि बाराही सारख्याच उंचीचे.

मागच्या वर्षी शाळेत गेलो होतो. वर्ग सेमी-इंग्रजी झालेत, भिंतीवर मोठा स्क्रीन आहे, पंखेही नीट चालतात. चांगलंच आहे. पण फळा गेला, त्याबरोबर उजवी पट्टी गेली, आणि हे मला आवडलेलं नाही, कोणी जुनाट म्हटलं तरी.

सर पूर्वी ट्रॅफिक पार्कजवळ सकाळी फिरायला यायचे. एकदा गाठ पडली तेव्हा मोठ्या हौसेनं त्यांना ‘ताब्या’ची गोष्ट सांगितली. वाटलं, पाठीवर थाप मिळेल. काठी टेकून ते थांबले, विचार केला आणि म्हणाले, “अन् बायकोच्या ताब्यात असलेला नवरा? तिथं काय लिहितं?”

मला सुचलं नाही. “पाहून ठेव,” म्हणाले आणि दुसऱ्या फेरीला निघाले.