क्लासिक, हायनेस की स्पीड ४००?

नवी बाइक कुठली घ्यावी हे मित्रांना विचारून काही ठरत नाही, प्रत्येकजण स्वतःचीच गाडी भारी म्हणतो, म्हणून सरळ शोरूम गाठले. आधी रॉयल एनफील्डची क्लासिक ३५०. १९५ किलो वजन, पार्किंगमधनं मागे ढकलताना घाम निघतो, पण एकदा चालायला लागली की मस्त डुलत जाते, २७ एनएम टॉर्क (म्हणजे ओढायची ताकद) इंजिन हळू फिरत असतानाच मिळतो त्यामुळे तिसऱ्या गिअरवरनंही आरामात उचलते. ८० च्या पुढे मात्र तिला काही घाई नसते. होंडा हायनेस १८१ किलो, क्लच एकदम हलका, इंजिन इतकं स्मूथ की मला तर जरा बोअरच झालं राव (आवाज मात्र झकास!).

मग ट्रायम्फ स्पीड ४००, आपल्या चाकणलाच बनते ही. पॉवर ४० पीएस, म्हणजे बाकी दोघींच्या जवळपास दुप्पट, रेस पिळली की नुसती सुटते! पण बाजीराव रोडच्या गर्दीत सारखा गिअर खाली टाकावा लागतो.

आणि शोरूमवाले सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आणतात, त्यात काय डोंबल कळणार, हट्टाने खड्डे अन् स्पीडब्रेकरवाली गल्ली घ्या, मागे कुणालातरी बसवा. आमच्या हिचं मत क्लासिकला, मागची सीट बघून. माझं घोडं अजून स्पीडवरच अडलंय.